कर्बल स्पेस प्रोग्रॅममधल्या इंजिनांचे आकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी कर्बल या रॉकेटं बांधून उडवायच्या संगणक-खेळासाठी इंजिनं बनवतोय. बनवतोय म्हणजे मॉडेल माझा मित्र करतो, आकडे मी बसवतो. आमच्या छोट्याशा पॅकवरून लोक तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. इथले आकडे मूळ खेळाच्या १.१२ आवृत्तीतले आहेत. कर्बल २ चा यात संबंध नाही.

आकडे म्हणजे नेमके कोणते?

मुख्य तीन. जोर, म्हणजे थ्रस्ट, किलोन्यूटनमध्ये. वजन टनांत. आणि आयएसपी, ज्याला पुस्तकी मराठीत विशिष्ट आवेग म्हणतात आणि जो सेकंदांत मोजतात. आयएसपीचा अर्थ असा, की एक किलो इंधन जाळून एक किलो वजन पेलण्याइतका जोर किती सेकंद धरता येतो. खेळातल्या टेरिअर या छोट्या इंजिनाचा ३४५ आहे, म्हणजे ३४५ सेकंद.

जोराला इंजिनाच्या स्वतःच्या वजनाने भागलं की टीडब्ल्यूआर मिळतो. तो वेगळा आकडा नाही, पण भांडणं सगळी त्याच्यावरूनच होतात. बाकी मग किंमत, नोझल किती अंश वळतं, उंची, व्यास, चालू असताना वीज बनवतं का, टेक ट्रीमध्ये, म्हणजे भाग हळूहळू उघडत जाण्याच्या क्रमात, कुठे उघडतं वगैरे. या 'वगैरे'तली उंची कधीकधी आयएसपीपेक्षा महागात पडते. ते पुढे येईलच.

मी खऱ्या इंजिनाचे आकडे जसेच्या तसे घातले, तरी सगळे त्याला 'ओपी' (ओव्हरपॉवर्ड, म्हणजे गरजेपेक्षा ताकदवान) म्हणतात. खरे आकडे चुकीचे कसे?

मीही हेच केलं होतं, त्यामुळे हसणार नाही.

चांद्रयान-३ ज्या एलव्हीएम३ रॉकेटने गेलं, त्याच्या वरच्या टप्प्यातलं सीई-२० हे माझं लाडकं इंजिन. द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजनवर चालतं. जोर २०० किलोन्यूटन, निर्वातातला आयएसपी ४४३ च्या घरात, वजन सुमारे ५९० किलो. त्याचे भाग आपल्या विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात बनतात, म्हणून जरा जास्तच आपुलकी. मी फाइलमध्ये तेच आकडे टाकले आणि भाच्याला खेळायला दिलं. दोन दिवसांनी त्याचा फोन: "मामा, बाकीची इंजिनं आता ठेवायची कशाला?"

गणित केल्यावर त्याचं म्हणणं पटलं. पाच टनांचा पेलोड, म्हणजे वाहून न्यायचा माल, आहे आणि त्याला ३,००० मीटर/सेकंद डेल्टा-व्ही, म्हणजे वेगातला एकूण बदल, द्यायचा आहे असं धरा. मूळ खेळातलं पूडल वापरलं तर टप्प्याचं एकूण वजन १९.६ टन होतं. अणुइंजिन नर्व्ह वापरलं तर १२.५ टनांपेक्षा किंचित कमी. आणि माझं सीई-२० वापरलं तर १२.७ टन. म्हणजे टेक ट्रीमध्ये उशिरा उघडणाऱ्या अणुइंजिनाशी ते बरोबरी करत होतं, तेही तिपटीहून जास्त जोर लावून आणि पाचपट हलकं राहून. नर्व्ह घ्यायला कारणच उरलं नाही. पूडल तर विसराच.

खरी गोष्ट अशी आहे की ४४३ हा आकडा प्रत्यक्षात फुकट मिळत नाही. एक लिटर द्रव हायड्रोजन जेमतेम ७१ ग्रॅम भरतो. लिटरभर केरोसिन ८०० ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे टाक्या अवाढव्य होतात. एलव्हीएम३ चा तो वरचा टप्पा चार मीटर जाड आणि साडेतेरा मीटर लांब आहे, आणि एवढ्या पसाऱ्यात इंधन मावतं २८ टन. शिवाय हायड्रोजन उणे २५३ अंशांवर उकळतो, म्हणजे टाकीत पडून पडून उडून जातो. मूळ कर्बलमध्ये द्रव इंधन एकच, ते ना उडत ना जागा जास्त घेत. मी हायड्रोजनचा फायदा आणला आणि त्याची कटकट तिकडेच ठेवली. बिघडलं ते इथे.

मग त्या सीई-२० चं पुढे काय केलंत?

दोन वाटा होत्या. एक म्हणजे कटकटही आणायची: हायड्रोजन हे वेगळं इंधन, त्याच्या मोठ्या टाक्या, आणि ते हळूहळू उडून जाणं. 'क्रायोजेनिक इंजिन्स' हा मॉड (खेळाडूंनी खेळात घातलेली भर) हेच करतो आणि उत्तम करतो. पण त्यासाठी खेळणाऱ्याने आणखी दोन-तीन मॉड टाकायला हवेत, आणि आमच्या पॅकमध्ये इंजिनं पाचच.

म्हणून दुसरी वाट घेतली. खेळातले सुटे भाग खऱ्यापेक्षा लहान आहेत. अपोलो यानाचा व्यास ३.९ मीटर, आणि खेळात त्याच्या जागी बसणारे भाग २.५ मीटरचे, म्हणजे लांबीचं प्रमाण सुमारे ०.६४. वजन घनाच्या हिशोबाने कमी होतं, ०.६४ चा घन साधारण ०.२६. रॉकेट जर त्या प्रमाणात हलकं झालं तर जोरही त्याच प्रमाणात उतरायला हवा. २०० चे झाले ५२. मी सरळ ५० ठेवले. आयएसपी ४४३ वरून ३६५ वर आणला आणि वजन ०.६ टन केलं.

हे आता टेरिअरशेजारी ठेवून बघा. टेरिअर ०.५ टन, ६० किलोन्यूटन, ३४५ सेकंद. ३,००० मीटर/सेकंदच्या मोहिमेत पेलोड एक टनाच्या खाली असेल तर टेरिअर सरस, वर गेला की माझं इंजिन सरस. मोहीम १,५०० ची असेल तर हीच सीमा जवळजवळ तीन टनांवर जाते. म्हणजे छोट्या कामाला टेरिअर, लांबच्या आणि जडशा कामाला सीई-२०. भाच्याला हे आवडलं नाही. पण आता तो दोन्ही वापरतो.

मूळ खेळातली इंजिनं एवढी जड का ठेवली आहेत?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो. बहुतेकांनी कुठेतरी वाचलेलं असतं की स्पेसएक्सच्या मर्लिन इंजिनाचा टीडब्ल्यूआर १८० च्या आसपास आहे, आणि खेळातलं रिलायंट २० ला पोचत नाही. रिलायंट १.२५ टन, २४० किलोन्यूटन. २४० ला १.२५ ने आणि मग गुरुत्वाच्या ९.८१ ने भागून बघा, १९.६ येतो. दणकट समजलं जाणारं मेनसेलसुद्धा २५.५ वर थांबतं.

याचं कारण इंजिनात शोधू नका, ग्रहात शोधा. खेळात रॉकेटं जिथून उडतात त्या कर्बिन ग्रहाची त्रिज्या ६०० किलोमीटर, पृथ्वीची ६,३७१. पृष्ठभागावरचं गुरुत्व मात्र दोन्हीकडे सारखं, ९.८१. कक्षेतला वेग त्रिज्येच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणून कर्बिनभोवती फिरायला साधारण २,३०० मीटर/सेकंद पुरतात आणि पृथ्वीभोवती ७,८०० लागतात. हवेचा अडथळा आणि गुरुत्वाशी झगडण्यात जाणारा वाटा धरला तर जमिनीवरून कक्षेत जायला कर्बिनवर ३,४०० च्या आसपास, पृथ्वीवर ९,४०० च्या आसपास.

आता शंभर टनांचं रॉकेट घ्या. एकच टप्पा, सरासरी आयएसपी ३००, उडताना वजनाच्या १.४ पट जोर. मूळ खेळाच्या टाक्यांत भरलेल्या आणि रिकाम्या वजनाचं गुणोत्तर ९ आहे. कर्बिनवर या रॉकेटला टाक्या आणि इंधन वजा जाता २३ टन उरतात. त्यातले सात टन इंजिन खातं, कक्षेत जातात १६. आता इंजिन मर्लिनसारखं आणि टाकी स्पेस शटलच्या बाहेरच्या टाकीसारखी करा. त्या टाकीचं भरलेलं-रिकामं गुणोत्तर २८ च्या आसपास होतं. लगेच कक्षेत २८ टन जातात. एका टप्प्यात, काहीही डोकं न लावता. मग दुसरा टप्पा कोण जोडेल? बूस्टर कोण लावेल? पडणाऱ्या टप्प्यांचा जो सगळा मजेदार गोंधळ हा खेळ देतो, तो कुठून येणार?

तेच खरे भाग पृथ्वीवर वापरा. शंभर टनांतून टाक्या आणि इंधन वजा जाता राहतं अर्धा टन, आणि इंजिनच पाऊण टनाचं. म्हणजे पेलोड उणे. खऱ्या जगात इंजिनं चांगली आहेत कारण तिथे ग्रह मोठा आहे. इथे ग्रह लहान, म्हणून इंजिनं आणि टाक्या मुद्दाम भारी केल्या. आकडे खोटे असले तरी प्रमाण खरं राहतं.

निर्वातातला आणि समुद्रसपाटीचा असे दोन आयएसपी का? आणि फाइलमध्ये ते कसे बदलतात?

नोझलचा आकार एका ठरावीक दाबासाठीच योग्य असतो. निर्वातासाठी केलेलं मोठं घंटेसारखं नोझल जमिनीवर पेटवलं तर बाहेरची हवा आतल्या झोताला दाबते, आणि जोराचा बराच भाग तिथेच जातो. टेरिअरचा निर्वातातला आयएसपी ३४५, समुद्रसपाटीला ८५. ६० किलोन्यूटनचं इंजिन लाँचपॅडवर पंधराही देत नाही. नवे खेळाडू एकदा तरी टेरिअरवर रॉकेट उभं करतात आणि ते जागचं हलत नाही म्हणून बग समजतात.

२०१५ च्या एप्रिलमध्ये १.० आवृत्ती आली, त्याआधी वेगळं होतं. तेव्हा जोर सगळीकडे सारखा राहायचा आणि हवेत इंधन जास्त जळायचं. १.० पासून इंधनाचा प्रवाह कायम राहतो आणि जोर बदलतो. खरंही तसंच आहे. पण त्यातून मॉड करणाऱ्यांसाठी एक खड्डा तयार झाला. खेळ इंधनाचा प्रवाह काढतो तो कमाल जोर आणि निर्वातातला आयएसपी यांवरून. समजा तुम्ही स्विव्हल इंजिनाचा निर्वातातला आयएसपी ३२० वरून ३४० केला आणि बाकी कशाला हात लावला नाही. प्रवाह कमी झाला. समुद्रसपाटीचा २५० तसाच आहे, म्हणून लाँचपॅडवरचा जोर १६८ वरून १५८ वर आला. इंजिन सुधारायला गेलात आणि उड्डाणाला कमकुवत केलंत. फाइलमध्ये दाबानुसार आयएसपीचा वक्र बिंदूंनी लिहिलेला असतो; त्याचा एक बिंदू हलवला की दुसरा तपासायचा, हा नियम मी मॉनिटरला चिकटवून ठेवलाय.

खेळातल्या ईव्ह ग्रहावर समुद्रसपाटीला दाब पाच वातावरणांइतका आहे, तेव्हा वक्र एका वातावरणापाशी सोडून देऊ नका. पुढचे बिंदूही लिहा.

दोन इंजिनांची तुलना प्रामाणिकपणे कशी करायची?

आकडे समोरासमोर ठेवून नाही. मोहीम समोर ठेवून. "इतका पेलोड, इतका डेल्टा-व्ही, कोणत्या इंजिनाने टप्पा हलका होतो?" हा एकच प्रश्न.

नऊ-एकच्या टाक्यांसाठी सूत्र छोटं आहे. आधी 'ग' काढा: डेल्टा-व्हीला ९.८१ ने आणि आयएसपीने भागा, जे येईल तो ई या स्थिरांकाचा घातांक. मग टप्प्याचं एकूण वजन म्हणजे पेलोड अधिक इंजिन, गुणिले ८ग, भागिले ९ वजा ग. स्प्रेडशीटमध्ये एक ओळ. ग जर ९ च्या जवळ गेला तर भागाकार आभाळाला भिडतो. तिथे त्या इंजिनाची हद्द संपली.

टेरिअर आणि नर्व्ह यांची जोडी मी सगळ्यांना करून बघायला सांगतो, कारण दोघांचा जोर अगदी सारखा, ६० किलोन्यूटन. फरक फक्त वजनात आणि आयएसपीत: टेरिअर ०.५ टन आणि ३४५, नर्व्ह ३ टन आणि ८००.

एक टन पेलोड, १,५०० मीटर/सेकंद: टेरिअरने टप्पा अडीच टनांचा, नर्व्हने पाच टनांचा. अणुइंजिन सपशेल हरलं.

दहा टन पेलोड, ३,०००: टेरिअरने ३१ टन, नर्व्हने २० टन. टेरिअर हरलं.

दोघांची बरोबरी कुठे होते ते काढलं तर १,५०० च्या मोहिमेत ६.७ टनांवर, ३,००० च्या मोहिमेत २.३ टनांवर. कागदावर पेलोड आडवा आणि डेल्टा-व्ही उभा घेऊन हे बिंदू जोडा; एक रेघ मिळते. रेघेच्या एका बाजूला टेरिअरचं राज्य, दुसऱ्या बाजूला नर्व्हचं. नवीन इंजिन टाकायचं म्हणजे या नकाशात त्याला स्वतःचा प्रांत द्यायचा. प्रांत मिळालाच नाही तर ते इंजिन शोभेचं. सगळा नकाशा त्याचाच झाला तर बाकीची शोभेची.

वजन बदलू की आयएसपी? कशाने जास्त फरक पडतो?

लोक आयएसपीला हात घालतात कारण तो आकडा दिसायला भारदस्त. वरच्याच जोडीत करून बघितलं. ३,००० च्या मोहिमेत नर्व्हचा आयएसपी ८०० वरून थेट ७०० केला, तर बरोबरीचा बिंदू २.३ टनांवरून २.७ वर सरकला. आयएसपी तसाच ठेवून वजन ३ टनांवरून २.२५ केलं, तर बिंदू १.४५ वर आला. १,५०० च्या मोहिमेत तर वजनाच्या त्याच बदलाने ६.७ चे ४.५ झाले.

हलक्या यानांत इंजिनाचं वजन हाच मुख्य स्क्रू आहे. आयएसपीचा प्रभाव जाणवतो तो जड आणि लांबच्या मोहिमांत. तुमच्या इंजिनाला कोणत्या कोपऱ्यात नर्फ, म्हणजे कमजोर, करायचंय ते आधी ठरवा, मग पाना उचला. नर्व्हचं वजन १.० आवृत्तीच्या आधी खरोखर २.२५ टन होतं. १.० मध्ये ते ३ झालं आणि ऑक्सिडायझर काढून ते फक्त द्रव इंधनावर आलं. त्या वेळी बरीच ओरड झाली होती. नकाशा बघितला की बदल का केला ते कळतं.

नर्व्ह फार हळू आहे, जोर वाढवू का?

आधी घड्याळ लावा. वरच्या दहा टनांच्या मोहिमेत टेरिअरला १७ मिनिटं जळत राहावं लागतं, नर्व्हला १४. तेवढाच जोर, पण ढकलायचं वजन कमी. नर्व्ह हळू वाटतं कारण लोक ते पूडलच्या जागी लावतात, आणि पूडलचा जोर २५० आहे.

आयन इंजिनाचे आकडे मात्र धादांत खोटे आहेत ना?

हो, आणि मला ते पटतात. नासाच्या डॉन यानातलं आयन इंजिन जास्तीत जास्त ९२ मिलीन्यूटन जोर द्यायचं. तळहातावर एक कागद ठेवल्यावर जेवढं वजन जाणवतं, साधारण तेवढा. खेळातल्या त्याच नावाच्या इंजिनाचा जोर २ किलोन्यूटन. वीस हजार पटीहून जास्त.

दोन टनांच्या यानाचा वेग १,००० मीटर/सेकंदाने वाढवायला खेळात सतरा मिनिटं लागतात. खऱ्या जोराने २५० दिवस लागले असते. आणि कर्बलमध्ये इंजिन चालू असताना वेळ जास्तीत जास्त चौपट पळवता येतो, म्हणजे तुम्ही दोन महिने अहोरात्र खुर्चीत. घरचे संगणकासकट बाहेर काढतील. खेळाच्या मर्यादेमुळे आकडा वाकवावा लागला, तर वाकवावा. त्याची भरपाई त्यांनी दुसरीकडे केली आहे: झेनॉनच्या टाक्या महाग, आणि वीज इतकी लागते की सोलर पॅनेलचं वजनही इंजिनाच्या हिशोबात धरावं लागतं.

किंमत वाढवून समतोल साधता येतो का?

करिअरमध्ये, म्हणजे पैसे कमावत खेळायच्या प्रकारात, थोडाफार. सँडबॉक्समध्ये शून्य. तिथे पैसा नाहीच, आणि माझ्या ओळखीचे निम्मे लोक सँडबॉक्सच खेळतात.

किंमत कुठे शोभते त्याचं उदाहरण व्हेक्टर. १,००० किलोन्यूटन, चार टन, आणि व्यास एवढा लहान की एका टाकीखाली घोळका करून लावता येतात. किंमत १८,०००, मेनसेलची १३,०००. दिसायला ते स्पेस शटलचं आरएस-२५ आहे. खऱ्या आरएस-२५ चा निर्वातातला आयएसपी ४५२, खेळातल्याचा ३१५. म्हणजे फक्त किमतीवर विसंबून राहिलेले नाहीत. आयएसपी आधी खाली आणला, वर किंमत चढवली. मी व्हेक्टरला ओपी म्हणणार नाही. शंका येते ती फक्त ईव्हवरून परत येताना, पण तिथे कुठलंही इंजिन चाललं तर नवससायास केल्यासारखं वाटतं.

घन इंधनाचे बूस्टर कसे जुळवायचे?

त्यांना स्वस्त ठेवा आणि विसरा. हॅमर या बूस्टरची किंमत ४००, निर्वातातला आयएसपी १९५. एकदा पेटला की थांबत नाही, उडताना जोर कमी करता येत नाही. त्या अडचणी म्हणजेच त्याचा समतोल. आयएसपी २५० च्या वर नेलात तर पहिल्या टप्प्यातलं द्रव इंजिन कोणी लावणार नाही.

उंचीचा एवढा काय प्रश्न?

लँडर बनवून बघा. टेरिअर बुटकं आहे. त्याच्या भोवती पाय लावले की यान जमिनीलगत बसतं. नर्व्ह उंच आहे. मुनवर, म्हणजे कर्बिनच्या चंद्रावर, उतरताना उताराची जागा मिळाली की नर्व्हवालं यान आडवं होतं आणि आतला कर्बल (खेळातला छोटा अंतराळवीर) खिडकीतून आपल्याकडे बघत बसतो. आमच्या पॅकमधलं एक इंजिन कागदावर टेरिअरपेक्षा प्रत्येक बाबतीत सरस होतं. मित्राने मॉडेलमध्ये नोझल दीडपट लांब केलं, आणि तक्रारी थांबल्या. एकही आकडा बदलला नाही.

मोठ्या ग्रहमालेचे मॉड टाकले तर मूळ इंजिनं चालतात का?

अडीच पटीपर्यंत चालतात, आणि खरं सांगायचं तर तिथेच त्यांची मजा आहे. वेग वर्गमुळाने वाढतो, म्हणून अडीच पट ग्रहाला सुमारे १.६ पट कक्षीय वेग. दोन-तीन नीट आखलेले टप्पे लागतात, उगाच वाया घालवायला काही उरत नाही.

रिअल सोलर सिस्टिमसारखा पूर्ण आकाराचा मॉड असेल तर नाही. वर पाहिलंच, ९,४०० मीटर/सेकंदला नऊ-एकच्या टाक्यांत ग चोवीसवर जातो. एका टप्प्यात अशक्य, आणि तीन-चार टप्प्यांत रॉकेट म्हणजे टाक्यांचं मंदिर. तिथे रिअ‍ॅलिझम ओव्हरहॉल घ्या, त्यात इंजिनं आणि इंधनं खऱ्या आकड्यांची आहेत. मधला मार्ग हवा असेल तर स्मर्फ नावाचा मॉड टाक्या आणि इंजिनं हलकी करून देतो. आमचा पॅक मूळ आकाराच्या कर्बिनसाठी आहे. रिअल सोलर सिस्टिममध्ये चालवून तो 'कमजोर' असल्याची तक्रार कृपया पाठवू नका.

मूळ फाइल उघडून आकडा बदलला तर काय हरकत आहे?

पहिली हरकत, खेळ अपडेट झाला की तुमचं काम पुसलं जातं. दुसरी, दोन महिन्यांनी तुम्हालाच आठवत नाही काय बदललं होतं. मॉड्यूल मॅनेजर टाका आणि बदल वेगळ्या पॅच फाइलमध्ये लिहा. मूळ फाइल तशीच राहते, पॅच काढला की सगळं पूर्ववत. फाइल जतन केल्यावर खेळ पुन्हा सुरू करा, किंवा ऑल्ट-एफ१२ च्या मेनूतून डेटाबेस पुन्हा लोड करा. 'आकडा बदलला पण फरकच पडला नाही' अशा तक्रारींपैकी बहुतेकांत एवढंच राहिलेलं असतं.

चाचणी कशी करता?

आधी स्प्रेडशीट, मग चार ठरलेल्या मोहिमा: दहा टन ८० किलोमीटरच्या कक्षेत, मुनवर उतरून परत, डुना ग्रहावर उतरून परत, आणि टायलो या उपग्रहावर नुसतं उतरणं. टायलोचं गुरुत्व ७.८५ आहे आणि हवा अजिबात नाही, त्यामुळे तिथे कमी जोराचं लाडकं इंजिन लगेच उघडं पडतं. प्रत्येक मोहीम मूळ इंजिनांनी एकदा आणि नवीन इंजिनाने एकदा. नवीन इंजिन चारही जिंकलं तर मी ते परत पाठवतो. एकही जिंकलं नाही तरी परत पाठवतो. एक किंवा दोन जिंकणारं पॅकमध्ये जातं.

आणि ही चाचणी दुसऱ्याला करायला द्या. आपण स्वतः आपल्या इंजिनाला साजेसंच यान बांधतो, आणि ते आपल्याला कळतही नाही.

अपडेटमध्ये आकडे बदलले तर आधीच उडालेल्या यानांचं काय होतं?

तीही बदलतात. सेव्ह फाइलमध्ये टाक्यांत किती इंधन उरलंय ते असतं, पण इंजिनाचा आयएसपी, जोर आणि वजन खेळ दर वेळी पार्टच्या फाइलमधून वाचतो. नर्फ केलेलं इंजिन वाटेत असलेल्या यानालाही लागू होतं. म्हणून मोठा बदल करायचा असेल तर आम्ही आता जुनं इंजिन जुन्या नावाने लपवून ठेवतो आणि नवीन इंजिन नव्या नावाने देतो. जुनी यानं सुखात राहतात.

हे शहाणपण सीई-२० च्या वेळी नव्हतं. तेव्हा भाच्याचं यान डुनावर उतरलेलं होतं, ४४३ च्या हिशोबाने परतीचं इंधन ठेवून. आयएसपी ३६५ केल्यावर त्याला घरी यायला काहीशे मीटर/सेकंद कमी पडतात. तीन कर्बल अजून तिथेच आहेत. टँकर पाठवायचा की एका उड्डाणापुरती जुनी फाइल परत घालायची, यावर आम्हा मामा-भाच्यांचं अजून एकमत झालेलं नाही.